ग्रबच्या यादीतून विंडोज गायब, शिवाय मागची निवड लक्षात राहायला हवी: सल्ला द्या

एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मोड. मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम चालवायची ते विचारणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. मशीन थेट उबुंटूत जातं, यादी दिसतच नाही. तीन गोष्टी हव्यात: यादी ५ सेकंद दिसावी, त्यात विंडोज यावं आणि मागच्या वेळी निवडलेलंच पुढच्या वेळी आपोआप सुरू व्हावं. ग्रबच्या सेटिंग्ज खिडकीतून बदलणारं ग्रब कस्टमायझर टाकू का?

प्रतिसाद १

कस्टमायझर नको. ते /इटीसी/ग्रब.डी मधल्या स्क्रिप्ट्सची मांडणी बदलतं आणि पुढे काही बिघडलं तर मूळ काय होतं ते शोधत बसावं लागतं. तुमच्या तिन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये होतात: /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब. (इथे सगळं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमनच वापरा, फाइलमधली बरोबरच्या चिन्हाआधीची नावं कॅपिटलमध्ये, त्यापुढचे शब्द आणि आज्ञा स्मॉलमध्ये.)

आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. मग या ओळी अशा करा:

ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू
ग्रब_टाइमआउट=५
ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड
ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू
ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

विंडोज गायब होण्याचं कारण शेवटच्या ओळीत आहे. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. ही ओळ नसेल तर ती नव्याने लिहा. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका.

मग 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा आणि जे छापून येतं ते वाचा. 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ आली की काम झालं. ओएस-प्रोबर चालवणार नाही अशी वॉर्निंग आली, तर ती ओळ चुकली आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण सेव्हडिफॉल्टला एक अट आहे. ग्रबला बूट होतानाच ग्रबएन्व्ह या छोट्या फाइलमध्ये निवड लिहावी लागते. /बूट हे फोल्डर एलव्हीएमवर (डिस्कचे लवचीक भाग करण्याची पद्धत) किंवा बीटीआरएफएसवर (एक फाइल सिस्टिम) असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही आणि निवड राहत नाही; बीटीआरएफएसवर 'स्पार्स फाइल नॉट अलाउड' अशी एरर दिसते. ईएक्सटी४ या उबुंटूच्या नेहमीच्या साध्या फाइल सिस्टिमवर अडचण नाही.

अशा वेळी ग्रब_डिफॉल्टला आकडा देण्यापेक्षा नाव द्या. मोजणी ० पासून होते आणि यादीत मध्ये एखादी नोंद वाढली की विंडोजचा आकडा सरकतो. नेमकं नाव /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी मध्ये 'मेन्यूएन्ट्री' शब्दानंतर अवतरणात सापडेल, कंसासकट जसंच्या तसं उचला. ती फाइल फक्त वाचायची. तिच्यात हाताने केलेला बदल पुढचं कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट येताच पुसला जातो.

धागाकर्ता

झालं, विंडोज दिसतंय. आता उबुंटू निवडल्यावर कधी कधी स्क्रीन काळी राहते. एनव्हिडियाचं कार्ड आहे.

प्रतिसाद १

फाइलला हात लावण्याआधी एकदा तात्पुरतं करून बघा. यादीत उबुंटूवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असेल, त्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' (कर्नलने ग्राफिक्स कार्डचा मोड स्वतः लावू नये अशी सूचना) लिहा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे चुकलं तरी रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत.

स्क्रीन आली, तर डेस्कटॉपवर पोचून एनव्हिडियाचा योग्य ड्रायव्हर बसवा. नोमोडसेट कायमचं ठेवू नका, ग्राफिक्स मंद होतात. ड्रायव्हर मिळेपर्यंत ठेवायचंच असेल तर ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट मध्ये घाला. नावाच्या शेवटी 'डिफॉल्ट' नसलेली तशीच दुसरी ओळ रिकव्हरी मोडलाही लागू होते, तिथे घालू नका.

प्रतिसाद ३

यादी आणायला यूईएफआयवर एस्केप एकदाच दाबा. सारखं दाबत राहिलात तर 'ग्रब>' असा काळा पडदा येतो. घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबा.

फेडोरा हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांनी मात्र अपडेट-ग्रब शोधू नये. तिथे 'सुडो ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी'. ईएफआय फोल्डरमधल्या ग्रब.सीएफजी वर लिहायला सांगणारी माहिती फेडोरा ३४ च्या आधीची आहे, ती वापरू नका.