एरी सरोवरातले विषारी शैवाल : दोष उन्हाचा की खताचा?

काठावरचा :
ऑगस्ट २०१४ मध्ये एरी सरोवराचे पाणी पिणाऱ्या अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात शैवालाने बनवलेले मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष सापडले आणि जवळजवळ तीन दिवस सुमारे ४ लाख लोकांना ते पाणी उकळूनही पिऊ नका असे बजावण्यात आले, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते अधिक दाट होते. तेव्हापासून एरी सरोवर हिरवे पडले, की तापमानवाढीकडे बोट दाखवले जाते. हे निदान मला सोयीचे वाटते; उन्हाला कोणी जाब विचारत नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २०१२ हे वर्ष तोवरचे सर्वांत उष्ण ठरले, तरी दुष्काळामुळे सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीतून शेतांतल्या खताचा फॉस्फरस फारसा वाहून आला नाही आणि त्या उन्हाळ्यात शैवाल अगदी बेताचेच वाढले. आदल्या वर्षी, भरपूर पावसाच्या वसंतानंतर, त्याने उच्चांक गाठला होता. कॅनडातल्या, प्रयोगांसाठी राखलेल्या २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ साली मधोमध पडदा घालून एका भागात कार्बन व नत्र आणि दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस सोडला गेला. ऊन दोन्हीकडे तेच होते. हिरवी झाली ती फॉस्फरसची बाजू.

साशंक :
२०१२ वरून एवढेच सिद्ध होते, की एकटी उष्णता पुरेशी नाही. ती गौण आहे असे त्यातून निघत नाही. पाणी २५ अंशांच्या वर गेले, की मायक्रोसिस्टिस, म्हणजे हे विष बनवू शकणारा सूक्ष्म जीव, जोमाने वाढतो आणि इतर अनेक शैवाले मागे पडतात. वारा पडलेला असेल तर पाण्याचे थर स्थिर होतात, आणि पेशींतल्या वायूच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे हा जीव वर तरंगून खालच्यांचा उजेड अडवतो. एरीचे पश्चिम खोरे सरासरी सात-साडेसात मीटरच खोल असल्याने ते लवकर तापते. शिवाय तुमचा फॉस्फरस ज्या मुसळधार पावसाने वाहून येतो, तो पाऊस हवामानाचाच भाग नव्हे काय?

काठावरचा :
पाऊस हा हमाल आहे, माल शेतातला आहे. माल कमी केला तर हमाल रिकाम्या हातांनी येईल.

तळवाचक :
आपण दोघेही शैवाल किती हे मोजत आहात. टोलेडोकरांना पाण्यात विष किती हे हवे होते. २०१४ ची वाढ २०११ पेक्षा लहान होती, पण वाऱ्याने ती नेमकी शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेकडे लोटली. मायक्रोसिस्टिसचे काही वाण विष बनवतात, काही बनवत नाहीत, त्यामुळे हिरवेपणावरून धोका ओळखता येत नाही. विषाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराच्या एका रेणूत नत्राचे १० अणू असतात, आणि हा जीव हवेतला नत्र स्वतः बांधू शकत नाही, पाण्यात विरघळलेलाच घेतो. म्हणून नुसता फॉस्फरस आवरून नत्र मोकळा सोडणे मला धोक्याचे वाटते.

काठावरचा :
विषापुरते हे मान्य. पण नत्र तोडला आणि फॉस्फरस राहिला, तर हवेतला नत्र बांधणाऱ्या जाती जागा घेतात, आणि त्यांतल्या काही विषारीच असतात. प्राधान्य फॉस्फरसलाच हवे.

बांधावरून :
शेतकऱ्यालाच आरोपी ठरवण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा. सरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेसाठी झालेल्या १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर मैलापाणी आणि धुण्याच्या पावडरी यांतला फॉस्फरस घटला आणि सरोवर सावरले. पुढे जमिनीची धूप थांबावी म्हणून नांगरट टाळण्याचा सल्ला दिला गेला, तो शेतकऱ्यांनी पाळला, माती शेतातच राहिली. पण वर फेकलेले खत मातीत न मिसळता वरच्याच थरात साचले आणि त्यातला विरघळलेला फॉस्फरस जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतून नदीला जाऊ लागला. मातीला चिकटलेल्या फॉस्फरसपेक्षा हा शैवालाला फार लवकर लागू पडतो. एका खात्याच्या सल्ल्याने दुसऱ्या खात्याची डोकेदुखी वाढली, असे म्हणावे लागेल.

साशंक :
मग पेरणीच्या वेळीच खत मातीखाली द्यावे, हे पटते. पण दशकानुदशके मातीत साठलेल्या फॉस्फरसचे काय? तो नव्या खताविनाही झिरपत राहणार आणि उन्हाळे तापतच राहणार.

बांधावरून :
त्यासाठी आधी प्रत्येक शेताची माती तपासावी लागेल, आणि जिथे साठा पुरेसा आहे तिथे काही वर्षे फॉस्फरस घालूच नये. पहिल्या हंगामात उत्पन्न घटले तर भरपाई कोण देणार, एवढे मात्र आधी ठरवा.