सहावीचं गणित: उत्तर ७९ की ७८?

विषय: सहावीचं गणित, सरासरी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हे मध्येच विचारतेय, सांभाळून घ्या. मुलगी सहावीत आहे. गृहपाठातलं गणित असं: एका वर्गात १८ मुलं, चाचणीतली त्यांची सरासरी ७४. दुसऱ्या वर्गात १२ मुलं, त्यांची सरासरी ८४. दोन्ही वर्गांची मिळून सरासरी किती?

तिने ७४ आणि ८४ मिळवून दोनाने भागलं, आले ७९. मीही तेच केलं असतं. वहीवर मात्र फुली आणि शेजारी नुसतं ७८. रात्री रडवेली होऊन विचारत होती, "बेरीज करून भागायचं, असंच शिकवलंय ना? मग माझं काय चुकलं?" उत्तर आमच्याकडे आहे, मला तिला कारण सांगायचंय. मराठीतून सांगितलंत तरी तिला कळतं.

मराठी शाळेतली एक आई

---

विषय: उत्तर: सहावीचं गणित, सरासरी

ताई, नमस्कार.

मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलोय. तिकडे शाळेत गणितच शिकवत होतो, म्हणून राहवलं नाही.

लेकीला आधी हे सांगा की बेरीज करून भागायचं हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. चुकलं ते कशाने भागायचं, एवढंच. दोनाने भागलं म्हणजे तिने मार्क दोन वर्गांत वाटले. पण मार्क मिळवलेत मुलांनी, आणि मुलं आहेत ३०.

सरासरी म्हणजे सगळ्यांचं एका परातीत ओतायचं आणि मग सारखं वाटायचं. पहिल्या वर्गाने ओतले १८ गुणिले ७४, म्हणजे १३३२. दुसऱ्याने १२ गुणिले ८४, म्हणजे १००८. परातीत झाले २३४०. वाटायचे ३० जणांत. प्रत्येकी ७८.

हे पटलं की गुणाकार न करता दाखवा, मुलांना हे फार आवडतं. दुसऱ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे १० मार्क जास्तीचे धरा. १२ जणांचे झाले १२०. ते तिसांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ४ येतात. ७४ आणि ४, ७८. मग तिलाच विचारा, ७९ कधी बरोबर आलं असतं? उत्तर लगेच सांगू नका. दोन्ही वर्गांत मुलं सारखी असती तर, हे तिचं तिला सुचू द्या.

आपल्याकडे हे जुनं आहे बरं का. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, वेड्यावाकड्या खड्ड्याचं गणित आहे. लांबी तीन ठिकाणी मोजली: १०, ११, १२ हात. रुंदी ६, ५, ७. खोली २, ४, ३. प्रत्येक मापाची बेरीज करायची आणि जितक्या ठिकाणी मोजलं तितक्याने भागायचं. मग खड्डा धरायचा ११ लांब, ६ रुंद, ३ खोल: १९८ घनहात. चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा शिलालेख आहे, तिथे मी दरवर्षी मुलांना नेत असे.

काका

---

विषय: उत्तर: उत्तर: सहावीचं गणित, सरासरी

काका, परातीचं मस्तच. याच चुकीत मी इंजिनिअर होऊनही सापडलो होतो, म्हणून लिहितो.

शिकागोहून मिलवॉकी साधारण ९० मैल. जाताना ताशी ६०ने गेलो, येताना बर्फ, ताशी ३०. सरासरी वेग ४५ म्हणालो. चूक! जायला दीड तास, यायला तीन. १८० मैल भागिले साडेचार तास, म्हणजे ४०. हळू चालवताना दुप्पट वेळ गेला, तर तो वेग दुप्पट वेळा मोजला गेला पाहिजे. इथेही भागायचं होतं तासांनी, मी भागलं दोन फेऱ्यांनी.

आणि मुलीला क्रिकेट आवडत असेल तर ब्रॅडमन सांगा. कसोटीत ८० डाव, ६९९६ धावा. ऐंशीने भागलं तर ८७.४५ येतात. पण फलंदाजीत भागायचं किती वेळा बाद झाला त्याने. १० वेळा नाबाद, म्हणून ७० ने: ९९.९४. ओव्हलवर १९४८ साली शेवटच्या डावात फक्त ४ धावा हव्या होत्या, सरासरी बरोबर १०० झाली असती. हॉलिजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला, शून्यावर. शून्य मिळवून बेरीज बदलत नाही, भागायचा आकडा मात्र ६९चा ७० होतो. बाद व्हायच्या आधी ती सरासरी १०१.३९ होती. मला वाटतं सरासरीचं सगळं दुखणं या एका शून्यात दिसतं.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सहावीचं गणित, सरासरी

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार.

परात तिला एका झटक्यात कळली. वर्ग सारखे असते तर ७९, हे तिने मी विचारायच्या आत सांगितलं. मिलवॉकीवर मात्र अर्धा तास भांडली, आणि शेवटी स्वतःच कागदावर तास मांडून ४० काढले. ब्रॅडमनचं शून्य ऐकून "त्याला कुणी सांगितलं नव्हतं का, चारच हवेत?" म्हणाली.

खड्ड्याचा तर नादच लागलाय. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीसाठी वाफा खणलाय, ६ फूट लांब, ३ फूट रुंद, पण तळ वर-खाली. सकाळी पट्टी घेऊन तीन ठिकाणी खोली मोजली: ८, १० आणि ६ इंच. तिच्या हिशेबाने एक-एक घनफुटाची १२ पोती माती लागेल. तिचे बाबा आत्ता दुकानात आहेत, १२ च आणायला सांगितली आहेत.