पंचगंगा कारखान्यांनी नासवली की आपल्याच गटारांनी?

घाटावरचा : परवा पंचगंगा नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर गेलतो. बरग्यांना (पाणी अडवायच्या फळ्यांना) केंदाळ म्हणजे जलपर्णी अडकून हिरवीगार गादी झालीय आणि खाली पाणी काळंशार, मासे वर येऊन नुस्तं तोंड उघडं-मिटं करत होते, पाण्यात ऑक्सिजनच उरला नाही की मासे असंच करतात. शेजारच्या वस्तीवरची दोन पोरं ते मासे पिशवीत भरत होती, एका मावशीनं येऊन पिशवी हिसकावून ओतून टाकली, म्हणाली घरात कुणी आजारी पडलं तर कोण बघणार.

तिथं जमलेला प्रत्येकजण कारखान्यांना शिव्या घालत होता. मला हे पटत नाही. साधा हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं. माणशी १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के गटारात गेलं तर रोजचं सहा कोटी लिटर मैलापाणी झालं, आणि हे ३६५ दिवस चालतं, दिवाळीलाही सुट्टी नाही. आधी आपण आपलं कबूल करूया असं माझं म्हणणं आहे.

सूत_आणि_साखर : हिशोब बरोबर आहे पण अर्धाच सांगताय. कोल्हापुरात कसबा बावड्याला मैलापाणी साफ करायचं ७६ एमएलडीचं, म्हणजे रोज ७.६ कोटी लिटरचं, केंद्र आहे, दुधाळीला १७ चं आहे, म्हणजे तुमच्या सहा कोटी लिटरला पुरून उरतंय. मग मासे मेले कशानं? इचलकरंजीचा काळा ओढा एकदा जाऊन बघा, नावातच सगळं आलं. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं रंग, मीठ, कॉस्टिक. शिवाय साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मळीमिश्रित पाणी रात्रीत सोडणारेही आहेतच. मैला निदान कुजतो, नदी वाहती असेल तर चार-पाच कोसात पाणी थोडंफार सावरतं, मीठ आणि रंग कुठं जाणार सांगा.

घाटावरचा : केंद्र आहे पण त्याच्यापर्यंत पोचलं तेवढंच पाणी साफ होणार ना भावा. शहराची गटारं वाहून आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी मोटारी लावून बावड्याला उपसून न्यावं लागतं. लाईट गेली, मोटार बंद पडली, नाहीतर मोठा पाऊस झाला की नाला बांध ओलांडून थेट नदीत. बारक्या नाल्यांचं आणि उचगाव, गांधीनगर असल्या शहराला चिकटलेल्या गावांच्या गटारांचं काय? आणि २०१२ ला इचलकरंजीत कावीळ आली तेव्हा हजारोंनी लोक आजारी पडले, माणसं दगावली. ती हेपटायटिस ई होती, ती रंगानं होत नाही, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की होते. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

उसाचा_फड : दोघंही शहरातले दिसताय म्हणून शेतकरी सुटला 😊 मी स्वतः ऊस लावतो म्हणून सांगतो, आमच्यातला एकेकजण एकरी पोतीच्या पोती युरिया टाकतो, वर पाटानं पाणी सोडतो, निम्मं खत ओढ्यातनं नदीला. केंदाळ उगाच माजत नाही, त्याला नायट्रेट-फॉस्फेटचा खुराक लागतो, तो तुमच्या कपड्याच्या पावडरीतनं पण जातो आणि माझ्या रानातनं पण. मी तीन वर्षं झाली ठिबकवर आलोय, खत निम्म्यावर आलं, उतारा काय घटला नाही.

सूत_आणि_साखर : फडवाले, तुमचं मनापासून कौतुक. पण सगळेच दोषी म्हटलं की शेवटी कुणीच दोषी ठरत नाही, हीच माझी भीती आहे. घरातल्या बाईच्या साबणाला आणि रात्री दोन वाजता कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर ओतणाऱ्याला एकाच तराजूत घालू नका. त्याला कायदा माहीत आहे, परवाना घेतलाय, पैसे वाचवायला करतोय. १९७४ चा पाणी कायदा त्याच्यासाठीच आहे.

घाटावरचा : टँकरवाल्याला सोडा असं मी कधी म्हटलं? त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायलाच पाहिजे. पण त्याच्या आडोशाला आपण लपतो त्याचा मला राग आहे. आणि आता तर दूधगंगा नदीवरच्या काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन झाली, नोव्हेंबर २०२३ पासून शहरात दूधगंगेचं पाणी यायला लागलं, चांगलंच झालं, पण नदीचं पाणी प्यायचंच नसेल तर नदीकडं बघणार कोण? तिकडचं स्वच्छ पाणी आणायचं, वापरायचं आणि घाण करून पंचगंगेत सोडायचं. इचलकरंजीवाले पण दूधगंगाच मागताहेत आणि कागलकर नको म्हणताहेत. उद्या दूधगंगा पण अशीच झाली तर मग कुठली नदी शोधायची?

गणेशभक्त_पेठ : विसर्जनावरनं दरवर्षी आम्हालाच का बोलता ते सांगा आधी. आमचं मंडळ मूर्ती नदीत न सोडता इराणी खणीत (दगडाच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात) नेतं, निर्माल्य वेगळं देतं, मनाला लागलं तरी केलं. नदीत मूर्ती नाही तरी नदी काळीच आहे, म्हणजे दोष दुसरीकडंच आहे की.

घाटावरचा : मी गणपतीचा ग पण काढला नाही दादा. उलट तुमच्या मंडळानं जे केलं तेच बाकीच्यांनी केलं नाही हे माझं दुखणं आहे.

शिरोळची_माहेरवाशीण : तुम्ही वर बसून भांडताय, आम्ही खाली राहतो. जयंती नाल्याचं असो, काळ्या ओढ्याचं असो, नाहीतर रानातलं, आमच्याकडं सगळं एकत्रच येतं, कुणाचं किती ते पाण्यावर लिहिलेलं नसतं. गावची जॅकवेल, म्हणजे नळाचं पाणी उपसायची विहीर, त्याच डोहात आहे. उन्हाळ्यात वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले की दोन दिवस नळाला पिवळं पाणी, वास तर विचारू नका. आई प्यायला २० लिटरचा जार विकत घेते, माणसांचं भागतं. गोठ्यात तीन म्हशी आहेत, त्यांना जार कसा परवडणार? गेल्या एप्रिलमध्ये एक म्हैस बादलीत तोंड घालायची, फुरफुरायची आणि मागं सरायची. तहानलेली होती तरी पीत नव्हती. शेवटी आईनं शेजाऱ्याच्या बोअरवरनं डोक्यावर घागरी आणल्या, वय ६४ आहे तिचं.

सूत_आणि_साखर : ताई, कुठलं गाव? बरगे काढतात त्या दिवशी मी येतो, बंधाऱ्याच्या वरचा आणि खालचा नमुना बाटलीत घेऊन तपासायला देऊ. घाटावरचे, तुम्ही पण या, नाल्याचा नमुना तुम्ही आणा, ओढ्याचा मी आणतो.

घाटावरचा : येतो. बरगे कधी काढणार ते आदल्या दिवशी कळवा फक्त.