आदिस अबाबा : कॉफीचं बोलावणं, तीन कप आणि माझं पित्त

पित्तप्रकृती :
मंडळी, जरा तातडीचं आहे. कामासाठी इथिओपियात, आदिस अबाबाला येऊन दोन महिने झाले. मूळचा सांगलीचा, म्हणजे चहावाला. घरमालकीणबाईंनी येत्या रविवारी तीन वाजता 'बुना'ला, म्हणजे कॉफीला बोलावलंय. ऑफिसातला पोरगा म्हणतो, तीन कप झाल्याशिवाय उठायचं नसतं. इथली कॉफी मी एकदाच टपरीवर घेतली. कप एवढासा, पण रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडलो होतो. त्यात पित्ताचा त्रास. एक कप घेऊन सटकता येईल का? हातात काय न्यायचं? आणि जेवायचा आग्रह झालाच तर शाकाहारी आहे हे कसं सांगायचं?

खडूफळा :
थांबा, कपांचं नंतर बघू. तीन म्हणजे कुणाच्या घड्याळातले तीन?

तिथे मोजणी सकाळी सहापासून सुरू होते. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. बाईंनी त्यांच्या हिशोबाने सांगितलं असेल तर तुम्हाला सकाळी नऊला जायचंय. मी तिथे सहा वर्षं शाळेत गणित शिकवलं. पहिल्याच महिन्यात शेजारीण म्हणाली चार वाजता ये. मी साडीबिडी नेसून संध्याकाळी चारला हजर! ती बिचारी सकाळी दहापासून वाट बघून, पसरलेलं गवत झाडून, दुपारची झोप काढून उठली होती. माझ्यासाठी तिने सगळा पसारा परत मांडला. गणिताच्या बाईंची सहाची वजाबाकी चुकली, हे तिने गल्लीभर सांगितलं ते वेगळंच.

तेव्हा आधी विचारा, "हबेशा की फेरेंज?" हबेशा म्हणजे त्यांचं घड्याळ, फेरेंज म्हणजे परक्यांचं. हबशी आणि फिरंगी, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचेच. मलिक अंबर तिकडचाच. फक्त तिथे आपली गणती फिरंग्यांत होते.

आता कॉफी. गेल्या गेल्या कप हातात पडेल अशा भ्रमात राहू नका, निदान दीड तास काढून जा. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं असेल, धूप जळत असेल. बाई हिरवे दाणे पाण्यात चोळून धुतील आणि कोळशाच्या शेगडीवर उथळ तव्यात भाजायला घेतील. दाणे तडतडतात, काळे होतात, अंगावर तेलाची चकाकी येते. धूर सुटला की तवा उचलून प्रत्येकापुढे फिरवतात आणि आपण तो धूर हाताने स्वतःकडे ओढून घ्यायचा. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आरतीचा हात आपोआप पुढे गेला, डोळ्यांना लावायचा तेवढा आवरला.

मग दाणे खलात कुटतात आणि जेबेनात उकळतात. जेबेना म्हणजे काळ्या मातीचा, लांब मानेचा, बुडाला गोल चंबू. तो कलंडू नये म्हणून खाली चुंबळ असते, अगदी आपल्या घागरीखाली असते तशीच. उकळलेली कॉफी थोडा वेळ तिरकी टेकवून ठेवतात, गाळ खाली बसू देतात आणि मग बिनकानाच्या छोट्या कपांत उंचावरून बारीक धार धरतात. माझ्या शेजारणीची धार एका कपावरून दुसऱ्या कपावर जायची, मध्ये तुटायची नाही. मी प्रयत्न केला तेव्हा निम्मी ट्रेमध्ये.

तुमच्या पित्ताला दिलासा असा की तिन्ही कप एकाच पुडीचे. पहिला अबोल (नाव अबोल, पण त्या वेळी गप्प कुणीच नसतं), दुसरा तोना, तिसरा बरका. दर वेळी जेबेनात नुसतं पाणी वाढवून परत उकळायचं, त्यामुळे तिसरा बराच फिका. जपायचं ते पहिल्याला. बरका म्हणजे आशीर्वाद, आपल्या बरकतीचा सख्खा भाऊ. पहिल्यानंतर उठलात तर कुणी मारणार नाही, पण वरणभात झाल्याबरोबर ताटावरून उठल्यासारखं दिसेल. अर्धा कप द्या म्हणा. सोबत पॉपकॉर्न असतात, कधी भाजलेल्या सातूचं कोलो. ते आधी खा. रिकाम्या पोटी अबोल नको. साखर भरपूर घालतात. खेड्यात मला मीठ घातलेलीही मिळाली, तिचं वर्णन करत नाही.

हातात मी एक किलो साखर न्यायचे. आपल्याला विचित्र वाटतं, त्यांना वाटत नाही.

डिकॉक्शनवाला :
एकच पूड तीनदा? आमच्या माटुंग्यात याला दुसरं डिकॉक्शन म्हणतात आणि ते पाहुण्याला देत नाहीत :) बाकी बकऱ्यांनी लाल फळं खाल्ली, नाचायला लागल्या आणि काल्दी नावाच्या धनगराने कॉफी शोधली, ती गोष्ट तिथली लोकं खरंच सांगतात का?

खडूफळा :
सांगतात, दुकानांच्या पाट्यांवरही असते. पण गोष्ट छापून आली ती १६७१ साली रोममध्ये, एका लॅटिन पुस्तकात, आणि त्यात काल्दी हे नाव नाही. अरेबिकाची रानटी झाडं मात्र नैर्ऋत्य इथिओपियाच्या जंगलात खरोखर आहेत. गंमत म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चला कॉफी बराच काळ वर्ज्य होती, मुसलमानांचं पेय म्हणून. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ते बंधन सैल झालं, राजा दुसरा मेनेलिक स्वतः प्यायचा. तुमच्या घरमालकीणबाईंच्या खापरपणजीने कदाचित घरात शिरू दिली नसती. आणि पाहुण्याला दुसरं डिकॉक्शन न देणं हा माटुंग्याचा कद्रूपणा आहे, परंपरा नव्हे.

टिफिनबॉक्स :
शाकाहाराचं मी सांगतो, तीन वर्षं तिथे डबा न नेता जगलोय. "शाकाहारी" समजावत बसू नका. "त्सोम" म्हणा, म्हणजे उपास. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स लोक मांस, दूध, अंडी काही खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी कुठल्याही खानावळीत आपली चैन. इंजेरावर मसूर, पालेभाजी, बटाटा-कोबी मांडून येतं. इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली मोठ्ठी आंबोळी. फक्त एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते. पहिल्या दिवशी आंबट लागेल, दहाव्या दिवशी त्याशिवाय चैन पडणार नाही. आणि कुणी घास करून थेट तुमच्या तोंडात भरवला तर दचकू नका. त्याला गुर्शा म्हणतात. घास मोठा असतो, तोंड नीट उघडा.

पित्तप्रकृती :
जाऊन आलो. विचारलं, "हबेशा की फेरेंज?" बाई पोट धरून हसल्या. सकाळचे नऊच होते! खडूफळा ताई, तुम्ही नसता तर मी सहा तास उशिरा उगवलो असतो.

तिन्ही कप प्यायलो, पहिला अर्धा. पित्त झालं नाही, रात्री झोपही लागली. साखरेची पिशवी बाईंनी काही न बोलता आत नेऊन ठेवली. धूर ओढून घेताना माझा हात डोळ्यांपर्यंत गेलाच, त्यांच्या धाकट्या मुलीने लगेच नक्कल केली. मग इंजेरावर शिरो आला. डाळीच्या पिठाचा, लाल, रटरटणारा. हे चक्क पिठलं आहे हो! फोटो आईला पाठवला तर तिचा फोन, "कोथिंबीर का नाही घातली?"

एक शेवटचं. जेबेना घरी आणायचाय. मातीचा आहे, बॅगेत टिकेल का?

खडूफळा :
मी मांडीवर धरून आणला, तरी मुंबईला उतरेपर्यंत मान गेली. आता त्यात मनीप्लँट आहे. तुम्ही दोन आणा.