‘सती’ म्हणजे बाई की विधी? (ज्यूल व्हर्नच्या निमित्ताने)

प्रश्न: ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची १८७२ची कादंबरी पुन्हा वाचतोय. बुंदेलखंडाच्या जंगलात मिरवणूक दिसते तेव्हा ‘सटी म्हणजे काय?’ असं फॉग विचारतो. त्याचा सहप्रवासी, इंग्रज जनरल क्रोमार्टी सांगतो, नरबळी, पण स्वखुशीचा. मराठीत आपण ‘सती’ या अर्थी वापरतो का?

प्रतिसाद: नाही. मराठीत सती ही बाई. मूळ अर्थ साध्वी, पतिव्रता. विधीला सहगमन म्हणतात आणि क्रिया ‘सती जाणे’. इंग्रजांनी बाईचा शब्द उचलून विधीला चिकटवला, व्हर्नकडे तोच पोहोचला. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता.

गंमत क्रियापदात आहे. ‘१७७२ साली थेऊरला रमाबाई सती गेल्या’ या वाक्यात कर्ता रमाबाई. बाईची मर्जी असो-नसो, व्याकरण ती गृहीत धरतं. कादंबरीतल्या मिरवणुकीतली विधवा औदा मात्र गांजा-अफूच्या धुराने गुंगवलेली आहे. तिच्याबद्दल ‘सती जात होती’ लिहिलं तर चूकच. ‘चितेवर चढवायला नेत होते’ असं सरळ लिहावं. क्रोमार्टीचं ‘स्वखुशीचा’ तिथेच खोटं पडतं, वाटाड्याच ते सांगतो.

प्रश्नकर्ता: पण औदा तर पारशी! पारशांच्या परंपरेत अग्नीला प्रेत देत नाहीत.

प्रतिसाद: म्हणून तर लग्न म्हाताऱ्या हिंदू राजाशी लावून दिलंय. मुंबईच्या व्यापाऱ्याची मुलगी, गोरी, इंग्रजी शिकलेली, युरोपियनच वाटावी अशी. वाचवण्याजोगी बाई आपल्यासारखीच दिसली पाहिजे, हा त्या काळच्या वाचकाचा हट्ट लेखकाने पुरवलाय. क्रोमार्टी म्हणतो, आमची सत्ता त्या रानटी मुलखात चालत नाही. म्हणजे १८२९च्या बंदीचं श्रेय साहेबाला, उरलेलं पाप बुंदेलखंडाला.

आणखी एक: मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७०मध्ये जबलपूरला जोडला गेला होता. व्हर्नने अलाहाबादच्या अलीकडे तो तोडून ठेवला, कारण फॉगला हत्ती घ्यायचा होता, तोही दोन हजार पौंडांना! देश मागासलेला दिसला नाही तर साहस कुठलं?

दुसरा प्रतिसाद: ‘ठग’ राहिला. औरंगाबादच्या परिसरात ठगांचा म्होरक्या फेरिंघियाचा दरारा होता, असं कादंबरीत येतं. तिथे ठग म्हणजे गळा आवळणारा. आपल्याकडे ‘मला ठगवलं’ म्हणणाऱ्याचे फार तर पैसे गेलेले असतात, गळा शाबूत असतो. मराठी वाचकासाठी तिथे ‘फासेवाले ठग’ असं काही जोडावं लागेल.

प्रश्नकर्ता: आणि मलबार हिलचा ‘पॅगोडा’?

दुसरा प्रतिसाद: देऊळ. पोर्तुगीज गोव्यातल्या देवळांनाही तेच म्हणायचे. फॉगचा नोकर पास्पार्तू बूट घालून आत शिरतो आणि मार खातो, त्यासाठी ‘देऊळ’ लिहिलं की मराठी वाचकाला कारण वेगळं सांगावं लागत नाही.