बारसू रिफायनरी: हा कारखाना फक्त इथे नको की कुठेच नको?

कातळकाठ:
राजापूर तालुक्यातल्या रिफायनरीला आजवर विरोध झाला तो आंबा, मासळी आणि कातळशिल्पांसाठी. रास्तच होता. पण मार्च २०१९मध्ये त्यासाठी नाणारची जमीन घेण्याची अधिसूचना रद्द झाली आणि २०२२ साली तोच प्रकल्प त्याच तालुक्यात बारसू-सोलगावला आला. जागेवरून विरोध केला की जागा बदलते. म्हणून माझं म्हणणं, हा कारखाना कुठेच नको आणि त्याचं पहिलं कारण हवामान.

मूळ आराखडा वर्षाला ६ कोटी टन कच्च्या तेलाचा. एक टन तेल जळलं की साधारण ३ टन कार्बन डायऑक्साइड. प्लास्टिक-रसायनांकडे जाणारा भाग वगळला तरी वर्षाला १५ कोटी टनांच्या आसपास. देशाचं एकूण उत्सर्जन ३०० कोटी टनांच्या घरात आहे, म्हणजे विसावा हिस्सा या एका कारखान्याच्या तेलातून.

यंत्रज्ञ:
तेल कारखाना जाळत नाही, गाड्या जाळतात. इथे झालं नाही तर तेच डिझेल गुजरातेतल्या जामनगरच्या रिफायनरीतून येईल. धूर तेवढाच! आणि माणशी उत्सर्जन बघा: आपलं सुमारे २ टन, अमेरिकेचं १४च्या आसपास. त्यांनी शंभर वर्षं जाळलं आणि थांबायचं राजापूरने? गावातली पोरं मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, त्यांना काय सांगणार आहात?

खाडीवाला:
अमेरिकेचा दोष मान्य. पण जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ला तौक्ते, जुलैत चिपळूण पाण्याखाली आणि तळियेवर दरड. प्रत्येक घटनेचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, तरी अरबी समुद्र तापतोय आणि तिथली तीव्र वादळं वाढलीत हे मोजून सिद्ध झालंय. भोगणारे आपणच आहोत.

कातळकाठ:
यंत्रज्ञ, 'जाळतो तो ग्राहक' हा मुद्दा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. सरे परगण्यातल्या तेलविहिरींना परवानगी देताना ते तेल पुढे जळून होणारं उत्सर्जनही तपासायला हवं होतं, असा निकाल जून २०२४मध्ये लागला. तो विहिरींबद्दलचा आहे, आपल्यावर बंधनकारकही नाही, पण तर्क इथेही लागू पडतो.

सगळे १५ कोटी टन नव्याने वाढतील असं मी म्हणत नाही. पण आपली शुद्धीकरण क्षमता आजच देशाच्या वापराहून जास्त आहे, पेट्रोल-डिझेल आपण निर्यात करतो. मग ही भर कोणासाठी? तीन लाख कोटींच्या घरातला खर्च वसूल व्हायचा तर कारखाना कित्येक दशकं पूर्ण क्षमतेने चालायला हवा. २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, वचन आपणच ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलंय. एवढा पैसा अडकल्यावर कुठलं सरकार तेलाचा खप कमी होऊ देईल?

यंत्रज्ञ:
निर्यातीचा मुद्दा बिनतोड नाही, देशातली मागणी अजून वाढतेच आहे. आणि रोजगाराचं उत्तर तुम्ही टाळलंत.

कातळकाठ:
टाळत नाही. असे कारखाने यंत्रांवर चालतात. बांधकाम संपलं की मजुरांची गरज झपाट्याने घटते, कायम नोकऱ्या बहुतेक प्रशिक्षितांच्या. तेवढ्या पोरांना पुरेल असा दुसरा उद्योग आज समोर नाही, हेही खरं. तरी जनसुनावणीच्या आधी एवढं तरी मागू या: पर्यावरण अहवालात कुंपणाबाहेर जळणाऱ्या तेलाचा हिशेब हवा.

यंत्रज्ञ:
तो आकडा यायला माझी हरकत नाही. आल्यावरही मी प्रकल्पाच्या बाजूनेच बोलेन.