बाबा गेल्यापासून पूजेत मन लागत नाही, तुम्ही कसं सावरलात?

राजेंद्रनगर, इंदूर: दिवाळीनंतर बाबा गेले. दहावं-तेरावं सगळं रीतसर केलं, पण आता देवापुढे बसलो की वाटतं शेवटी सगळं इथेच राहणारे तर ही नोकरी, ईएमआय, धावपळ कशासाठी. आई मात्र रोज कापूस पिंजून वाती वळते, तुपात भिजवते, निरांजन लावते. तिला हे बळ येतं कुठून?

माळव्यातली मावशी: बाळा, आपल्या अहिल्याबाईच बघ ना. 1754 ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी, मल्हाररावांनी अडवलं. 1766 ला तेही गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा. तरी कारभार हातात घेतला, 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं, गावोगावी घाट, धर्मशाळा, विहिरी. दुःख संपलं म्हणून नाही रे, माझ्या मते दुःखासकटच त्या शंकराचं काम समजून करत राहिल्या.

जुना इंदूरकर: मावशी, पटतंय, पण एवढ्यात त्याला मोठी उदाहरणं नकोत. मित्रा, मन नसेल तर पूजा राहू दे, देव रागवत नाही. माझी आई गेली तेव्हा मी नुसता कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकर राजांच्या स्मारकांपाशी, जाऊन बसायचो, राजेरजवाडेही गेले हे तिथे डोळ्यांना दिसतं आणि का कोण जाणे घरी आल्यावर मुलांशी जास्त प्रेमाने बोलायचो. श्रद्धा मागाहून आली, हळूहळू.

राजेंद्रनगर, इंदूर: काका, रविवारी आईला घेऊन छत्र्यांकडे जातो. वाती वळायलाही तिच्याकडूनच शिकतोय.